शिट्टीपुरते दोन दात

गुंडूतात्यांशी ओळख करून घ्यायची असेल तर आधी तोंड उघडावं लागतं. नाव, गाव, नोकरी हे सगळं नंतर. ते तुमच्या ओठांकडं बघत उभे राहतात. तुम्ही हसलात की मान हलवतात आणि मनातल्या मनात तुमचं वय ठरवून टाकतात. न हसणाऱ्याला सरळ सांगतात, "पावणं, जरा दात दावा की." एकदा माझ्याकडं बँकेतले एक साहेब आले होते. दारातच तात्यांनी त्यांना हे सुनावलं. साहेबांनी गोंधळून दात दाखवले, चहा घेतला आणि आपण कशासाठी आलो होतो ते न सांगताच निघून गेले.

यात तात्यांचा दोष नाही, त्यांच्या धंद्याचा आहे. सगळा जन्म म्हशींत गेलेला. म्हैस घ्यायला गेलं की ती काही बोलत नाही आणि विकणारा खरं बोलत नाही. वय कळायचं ते दातांवरूनच. दुधाचे दात असले की आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि सगळे आले की जुळलेली. हा हिशेब तात्यांनी कधीतरी माणसांनाही लावायला सुरुवात केली आणि मग तो त्यांच्या हातचा राहिला नाही. माझं लग्न झालं तेव्हा बायको त्यांच्या पाया पडायला वाकली. तात्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला, ती लाजून हसली, तसे ते शेजारच्या माणसाकडं वळून समाधानानं म्हणाले, "जुळलीया." बायकोला वाटलं, जोडी जुळली म्हणताहेत. खरा अर्थ समजला त्या दिवशी आमच्या संसारातलं पहिलं भांडण झालं. वास्तविक मी त्यात कुठंच नव्हतो.

"माणूस खोटं बोलंल, दात न्हाय बोलायचं," हे त्यांचं आवडतं वाक्य. गवळी गल्लीच्या कट्ट्यावर दिवसातून एकदा तरी ते ऐकायला मिळायचं. त्या वाक्यानं एकदाच दगा दिला. आमच्या गल्लीत एक निवृत्त फौजदार राहायला आले. तात्यांनी त्यांना हसवलं, नीट निरखलं आणि हा माणूस चाळिशीच्या आतला आहे, पेन्शन घेतो म्हणजे यात काहीतरी भानगड आहे, असं चारचौघांत जाहीर केलं. फौजदारांनी शांतपणे खालची-वरची कवळी काढली आणि तात्यांच्या हातावर ठेवली. तात्या काही दिवस कट्ट्यावर फिरकले नाहीत. आले ते तयारीनं आले. म्हणाले, "त्येला दात म्हणत न्हाईत."

एवढ्या मोठ्या दंततज्ज्ञाच्या स्वतःच्या तोंडात मात्र वरचे, अगदी समोरचे, दोन दात नव्हते. दोन हजार साल लागायच्या सुमाराला ते गेले. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि गव्हाणीवर तोंड आपटलं, असं तात्यांनी सांगितलं आणि आम्ही ते मानलं. उलट त्या खिंडीचंही त्यांनी तत्त्वज्ञान केलं. म्हशीला वरच्या जबड्यात पुढचा एकही दात नसतो, नुसती हिरडी असते, हे मला त्यांच्यामुळंच समजलं. तात्या विचारायचे, तिचं कुठं काय अडलंय? हिरडीवर चारा तोडते आणि बादलीभर दूध देते. त्यावर कुणीतरी म्हणायचं, तात्या, पण तुम्ही कुठं दूध देता? मग तात्या त्याचं तोंड बघायचे आणि त्याचे किती दात किडलेत ते कट्ट्यावर सगळ्यांना सांगायचे.

आता त्यांच्या शिट्टीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या शिट्टीसाठी घडलं. तात्या बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत नसत. हात कायम दुधाच्या कॅनमध्ये नाहीतर गाडीच्या हँडलवर, बोटं आणायची कुठनं? जीभ वरच्या दातांच्या मागं लावायची आणि वारा सोडायचा. शिट्ट्या दोन होत्या. एक चढती, शेवटाला झटका देणारी. ती बोलावण्याची. गल्लीच्या तोंडाला ती वाजली की आतल्या गोठ्यात म्हशी उठून उभ्या राहायच्या आणि काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, चहाचं आधण ठेवायच्या. दुसरी उतरती, हळू हळू विरत जाणारी. दिवाळीत फटाक्यांनी जनावरं बिथरली की तात्या ती वाजवायचे. गोठा निवांत व्हायचा. शेजारची रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची, असं आमची आई सांगायची. ती शिट्टी म्हणजे, मी हाय, भिऊ नको.

त्यांच्या म्हशींत एक होती चिमणी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून काकूंनी ते नाव ठेवलं. पुढं ती अशी काही वाढली की गल्लीत ती समोरून आली की माणसानं कुणाच्या तरी घरात शिरावं. पण नाव चिमणीच. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं बांधायची, गळ्यात माळा घालायच्या आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं दामटायची. म्हैस त्या गाडीच्या आवाजामागं पळते. बाकीच्यांच्या म्हशींना मागून चार-पाच जणांनी ओरडावं लागायचं. तात्या नुसती एक चढती शिट्टी मारायचे आणि चिमणी गाडीच्या नंबरप्लेटला नाक लावून धावत सुटायची. नव्वदच्या त्या दशकात आम्ही रस्त्याकडेला उभे राहून ते बघायचो. तात्या मागं वळून बघायचे नाहीत. ती आहेच, याची त्यांना खात्री असायची.

मग काकू गेल्या. तात्यांचे गुडघे धरले. मुलगा सदा कारखान्यात लागला, त्याला शिफ्ट. गल्ली काँक्रीटची झाली, नव्यानं आलेल्यांना शेणाचा वास यायला लागला. एकेक करून म्हशी गेल्या. शेवटी राहिली चिमणी, तीही गडमुडशिंगीच्या महादूला दिली. महादू माणूस चांगला, ओढ्याकाठी रान, म्हशीच्या दृष्टीनं उत्तम स्थळ. त्याच सुमाराला तात्यांचे ते दोन दात गेले आणि शिट्टी बंद पडली. गल्लीला त्याची चुटपुटही लागली नाही. सगळ्यांच्या दारात आता पिशवीचं दूध येत होतं.

चार-पाच वर्षांनी एका दुपारी तात्या माझ्या घरी आले आणि आत येऊन दार लावून घेतलं. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. त्यामुळे जगातलं सगळं मला ठाऊक असतं असा गल्लीचा समज आहे आणि तो मी मोडत नाही. तात्यांनी विचारलं, हाडात पक्के दात बसवतात म्हणे, खरं काय? मला वाटलं कुणा पाहुण्यासाठी विचारताहेत. पण त्यांनी स्वतःच्या खिंडीकडं बोट दाखवलं.

ते एका लग्नासाठी गडमुडशिंगीला गेले होते. येताना महादूच्या बांधावर थांबले. चिमणी लांब चरत होती. "हाक मारली," तात्या म्हणाले. "तिनं मानबी वर केली न्हाय. तोंडातनं वारा जातोय, माझी हाक माझीच वाटंना. जवळ जायाचं धाडस झालं न्हाय, तसाच माघारी आलतो. मला शिट्टी पायजे, सुभ्या. खायाला हिरडी बास हाय."

मी म्हटलं, आधी साधी काढघालीची कवळी बसवून बघू. ती चार दिवसांत झाली. तात्यांनी ती लावून कट्ट्यावर चढती शिट्टी मारली. शिट्टी वाजली नाही, पण कवळी सुटली ती थेट फौजदारांच्या पायाशी जाऊन पडली. फौजदारांनी ती रुमालानं पुसली, अदबीनं तात्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तात्या, त्येला दात म्हणत न्हाईत." एवढी वर्षं त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं होतं.

तेव्हा मग आम्ही डॉ. सुजाताबाईंकडं गेलो. हाडात दात बसवण्याचं काम त्या करायच्या. वयानं लहान, हातकणंगल्याच्या. आम्ही आत गेलो तर तात्या खुर्चीत बसेनात. बाईंच्या तोंडाकडं बघत उभे. आता हे काय बोलणार ते मला माहीत होतं आणि ते बोललेच, की डॉक्टर चार दाती वाटतीया. मी कानकोंडा होऊन भिंतीवरचा जबड्याचा तक्ता वाचू लागलो. पण बाईंच्या घरी म्हशी होत्या. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "सगळं दात आल्यात, तात्या. जुळल्याली हाय मी. आता तुम्ही तोंड उघडा." तात्या मुकाट्यानं खुर्चीत बसले. त्या दिवसापासून त्यांची भाषा बदलली. बाकी सगळ्या गावाला अरे-तुरे, आणि ही "आमची डॉक्टरीणबाई".

बाईंनी आधी दुसरा उपाय सांगितला. दोन्ही बाजूंचे चांगले दात तासून लहान करायचे आणि त्यांच्या आधारानं मधे दात जोडायचे. काम लवकर होतं. तात्यांनी ठाम नकार दिला. शेजाऱ्याची भिंत पाडून आपलं घर बांधायचं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग बाईंनी हाडात बसवायचा स्क्रू दाखवला. तो तात्यांना एका नजरेत पटला. तो खुंट होता. खुंट ठोकायचा, तो मातीत धरला की मग त्याला जनावर बांधायचं. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की आजच ठोकता का.

इथून पुढं बाईंनी जे सांगितलं ते मी इथं लिहितो, कारण असले दात बसवायला निघणारी बहुतेक माणसं तात्यांसारखी घाईनं निघतात. आधी फोटो काढून हाड किती आहे ते बघायचं. दात गेला की तिथलं हाड वापराविना झिजत जातं, आणि तात्यांनी तर म्हशीचं तत्त्वज्ञान सांगण्यात काही वर्षं घालवली होती. रक्तातली साखर तपासायची, ती वाढलेली असेल तर आधी ताब्यात आणायची, नाहीतर जखम भरत नाही. हिरड्या साफ करून घ्यायच्या. तंबाखू बंद. आणि काम एका दिवसात होत नाही, महिने जातात. एवढं सगळं करूनही एखाद्याच्या हाडात खुंट धरत नाही, हे आधीच मनाशी ठेवायचं.

तात्या सगळं ऐकत होते. तंबाखूपाशी थोडे हलले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, शिट्टी वाजेल का? खोटं बोलायचं बाईंच्या मनात आलं असावं, पण बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "दात देते, तात्या. शिट्टीचं वचन देत न्हाई. ती जिभेवर हाय, सवयीवर हाय." म्हैस गाभण आहे एवढंच डॉक्टर सांगतो, रेडी होईल का रेडा ते कोण सांगतो, असं तात्या म्हणाले आणि तयार झाले.

फोटोत हाड कमीच निघालं. तिथं हाडाची पूड भरावी लागेल, असं बाई म्हणाल्या. तात्यांनी विचारलं, कुणाच्या हाडाची? हा प्रश्न मला कधी सुचला नसता. बाईंनी सांगितलं, वेगवेगळी मिळते, पुष्कळदा जनावराच्या हाडापासून केलेली असते, अगदी शुद्ध केलेली. तात्या खुर्चीतून उतरले आणि चपला शोधू लागले. जनावराच्या जिवावर जन्म काढला, आता त्याचं हाड तोंडात घालून त्यालाच शिट्टी मारू काय, असं ते माझ्याकडं बघून म्हणाले, जणू पूड मी दळली होती. बाईंनी त्यांना परत बसवलं. तुमचंच हाड घेऊ म्हणाल्या, हनुवटीचं, दुखेल थोडं जास्त. तात्यांना ते एकदम मान्य झालं. आपलंच रान, आपलंच खत.

राहिला खर्चाचा विषय. बाई आकडा सांगणार तेवढ्यात तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या हातावर पांघरला आणि तो हात टेबलावर पुढं केला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, बोटांनीच भाव सांगायचा, बघणाऱ्याला काही समजत नाही. मी हळूच "तात्या, हा दवाखाना आहे" म्हणालो. पण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि टॉवेलाखाली हात घातला. बराच वेळ टॉवेल हलत होता. दोघांचे चेहरे निर्विकार. एकदा तात्यांनी हात मागं ओढल्यासारखं केलं, बाईंनी सोडला नाही. शेवटी दोघांनीही मान हलवली आणि तात्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. काय ठरलं ते मला आजतागायत माहीत नाही. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, पोरगी हाताची पक्की हाय, दात चांगलं बसीवणार.

साखर थोडी वाढलेली निघाली. गुळाचा चहा गेला. तंबाखू सुटली, पण मळायची सवय सुटेना. तात्या कट्ट्यावर बसून रिकाम्या तळहातावर अंगठा चोळायचे, दोन थापट्या मारून नसलेली धूळ उडवायचे आणि नसलेली चिमूट खालच्या ओठात धरायचे. शेजारच्यानं सवयीनं हात पुढं केला तर त्यालाही त्यातली थोडी द्यायचे. फौजदार रोज घ्यायचे आणि आज जरा कडक हाय म्हणायचे.

खुंट ठोकायच्या दिवशी मी सोबत गेलो. मला रक्त बघवत नाही, म्हणून मी बाहेर बाकड्यावर बसलो आणि आतल्या मशीनचा आवाज ऐकून तिथंच आडवा झालो. शुद्धीवर आलो तर तात्या मला कांदा हुंगवत होते. तो त्यांनी कुठून आणला, हे विचारायचं राहून गेलं. त्यांना काहीच दुखलं नव्हतं, सुन्न करायचं इंजेक्शन दिलं होतं. पण चेहरा पडलेला. घरी जाताना रिक्षात कापूस धरलेल्या तोंडानं म्हणाले, रेड्याच्या नाकात वेसण टोचताना आम्ही त्याला इंजेक्शन देत नाही, लई चुकलं आमचं.

मग वाट बघणं. तात्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. म्हशीला व्यायला दहा महिने लागतात, दाताला थोडा वेळ लागणारच, असं ते लोकांना समजावायचे. गल्लीला मात्र धीर निघेना. सत्तरीला टेकलेला विधुर समोरचे दात बसवतो, तंबाखू सोडतो, सकाळ-संध्याकाळ ब्रश करतो, याचा अर्थ गल्लीनं एकच लावला. एक दिवस सदा माझ्याकडं आला आणि इकडचं तिकडचं बोलून खाली मान घालून म्हणाला, "काका, वडलांनी कुठं बघून ठिवलंय काय?"

"गडमुडशिंगीत," मी म्हणालो.

तो घाबरलाच. कशी आहे विचारू लागला. मी म्हटलं, जरा वजनदार आहे, पण जुनी ओळख आहे, तुमच्या घरात राहिलेली आहे. मग त्याची दया येऊन मी खरं सांगितलं. तो पोट धरून हसला. हसता हसता थांबला. ती विकायला मीच मागं लागलो होतो, एवढंच म्हणाला.

पक्के दात बसले त्या दिवशी कट्टा भरला होता. फौजदार खास खुर्ची टाकून बसले. तात्यांनी सगळ्यांना दात दाखवले, फौजदारांना दोनदा दाखवले, पण शिट्टी काही वाजवली नाही. सगळ्यांनी आग्रह केला. "पयली हितं न्हाय," म्हणाले आणि घरात गेले.

त्या रविवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही गडमुडशिंगीला निघालो. एरवी तात्या मागं बसले की रस्त्यातल्या प्रत्येक जनावरावर अभिप्राय देतात. त्या दिवशी उचगाव मागं पडलं तरी एक शब्द नाही. महादू बांधावरच भेटला. चिमणी ओढ्यापलीकडं लांब चरत होती, आमच्याकडं पाठ करून. गुणाची आहे, असं महादू म्हणाला, पण हाक मारून येईल तर शपथ, स्वतः जाऊन आणावी लागते.

तात्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. जीभ लावली. नुसता वारा आला. पुन्हा लावली. या वेळी कुकरची वाफ सुटावी तसा फुसफुसता आवाज झाला, तो आम्हा दोघांनाच ऐकू आला. महादू भला माणूस, तो आभाळाकडं बघत पावसाचं काहीतरी बोलू लागला. मी खाली बघत होतो. शिट्टीचं वचन देत न्हाई, हे बाईंचं वाक्य माझ्या कानात घुमत होतं, आणि आता तात्यांना परत घरी कसं न्यायचं हे मला समजत नव्हतं. तात्यांनी डोळे मिटले.

आणि ती वाजली. चढत गेली आणि शेवटाला तोच झटका. इतक्या वर्षांनी ऐकली आणि मला एकदम वाटलं, काकूंनी आता आधण ठेवलं असेल.

आधी चिमणीचा एक कान हलला. मग मान वर आली. मग ती अख्खी वळली आणि निघाली. त्या वयात, त्या देहानं, गळ्यातलं दावं फरफटवत, ओढ्यातलं पाणी उडवत, महादूच्या वांग्यांच्या वाफ्यातून सरळ. महादू वांग्यांसाठी ओरडायला गेला आणि तोंड तसंच उघडं ठेवून बघत राहिला. मी स्कूटरच्या मागं झालो. ती तात्यांच्या समोर येऊन थांबली, धापा टाकत, नाकाचा वारा त्यांच्या सदऱ्यावर सोडत. तात्यांनी तिला हात लावला नाही. ते माझ्याशी बोलू लागले, पण बघत होते तिच्याकडं.

"मी घसरून पडलो न्हवतो, सुभ्या. हिनं पाडलं दात. टेंपोत चढंना. चौघांनी ढकलली तरी चढंना. मग मीच म्होरं होऊन तिच्या तोंडाची मोरकी धरून वढली. तिनं मान झटाकली आन् शिंग लागलं. टेंपो निघाला. वराडत हुती. एक उतरती शिट्टी मारली आसती तर गप बसली आसती. मारायला गेलो तर तोंडात रगात आन् वारा. तिला वाटलं आसंल, मालकानं एवढंबी केलं न्हाय."

माणूस खोटं बोलंल, दात न्हाय बोलायचं. एवढी वर्षं ती खिंड आमच्यासमोर रोज कट्ट्यावर बसलेली होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

तात्यांनी मग तिच्या तोंडासमोर जाऊन आपलं तोंड उघडलं. "बघ. पाडलंस ते परत बसीवलं. आता राग सोड." चिमणीनं नवे दात हुंगले आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत एकदाच जीभ फिरवली. बाईंनी काय काय टाळायचं ते बजावून सांगितलं होतं. ऊस दातानं सोलायचा नाही, सुपारी फोडायची नाही, बर्फ चावायचा नाही. म्हशीच्या जिभेबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

महादूच्यानं राहवलं नाही. घेऊन जावा, तुमचीच आहे, असं तो म्हणाला आणि मनापासून म्हणाला. तात्यांनी ओढ्याकडं बघितलं, हिरव्या चाऱ्याकडं बघितलं, चिमणीच्या तुकतुकीत पाठीवर हात फिरवला. गल्लीत काय आहे, काँक्रीट, म्हणाले. इथं सुखात आहे, मीच येत जाईन. त्यांनी तिला नेऊन खुंटाला बांधलं, खुंट पायानं हलवून बघितला आणि आम्ही निघालो.

मी किक मारली. स्कूटर थोडी पुढं गेली असेल, तर मागून धपधप आवाज. आरशात बघतो तो चिमणी, खुंट उपटून, नंबरप्लेटला नाक लावून पळतेय. पाडव्याच्या दिवसासारखी. या वेळी तात्यांनी मागं वळून बघितलं.

"बंद कर गाडी," ते म्हणाले.

त्यांनी तिला चालवत परत नेलं, महादूकडून खुंट नीट ठोकून घेतला आणि तिचं कपाळ खाजवत पुष्कळ वेळ उभे राहिले. परत आले आणि स्कूटरच्या मागच्या बाजूला हात लावला. "ढकलत नेऊया. आवाज करू नगंस. तिला ऐकू जातंय."

त्या कच्च्या वाटेनं आम्ही दोघं स्कूटर ढकलत निघालो. माझा दम, त्यांचे गुडघे. चोर गाडी चोरून नेतात तसे अगदी हळू. वळणापाशी पोहोचलो, तिथून रान दिसत नव्हतं, तेवढ्यात मागून चिमणीचा हंबरडा आला. एकदा, मग पुन्हा. तात्या थांबले. टॉवेलानं तोंड पुसलं, जीभ वरच्या दातांमागं लावली आणि उतरती शिट्टी मारली. लांबलचक, हळू हळू विरत जाणारी. ती पार संपेपर्यंत आम्ही उभे होतो.

मागं सगळं शांत झालं.

"झालं," तात्या म्हणाले. "मार किक."